दागिन्यांची लाकडी पेटी घरी बनवायची? मग पावसाळ्याचा हिशोब आधी करा

रील्समध्ये दागिन्यांची पेटी बनायला एक मिनिट लागतो. फळी, करवत, गोंद, पॉलिश आणि शेवटी झाकण टक्कन बंद. बघणाऱ्याला वाटतं, दोन शनिवार-रविवारात आपल्यालाही जमेल. जमतंही. अवघड प्रश्न वेगळाच आहे. मे महिन्यात बनवलेल्या त्या पेटीचं गौरी-गणपतीत काय होतं?

नथ, ठुशी, तन्मणी बाहेर काढायचे हेच दिवस, आणि हवेत भरपूर ओल असायचेही हेच दिवस. म्हणजे पेटी सगळ्यात जास्त उघडली जाते तेव्हाच ती सगळ्यात जास्त फुगलेली असते. मग आतला ट्रे अडकतो, झाकण नीट बसत नाही, नाहीतर एखाद्या कोपऱ्याचा जोड उघडतो. दोष नवशिक्या हाताला दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण एकच असतं. लाकडाला हलायला जागाच ठेवलेली नसते.

लाकूड नेमकं किती हलतं?

झाड तोडून, चिरून, वाळवून कितीही वर्षं झाली तरी लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की फुगतं, सोडली की आकसतं. पण ते सगळ्या दिशांनी सारखं फुगत नाही आणि पेटी बनवणाऱ्याला हीच गोष्ट माहीत हवी. फळीच्या लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, फरक जवळजवळ शून्य. रुंदीत मात्र चांगलाच. वाळक्या गवताची पेंढी डोळ्यांसमोर आणा. भिजली की ती जाड होते, लांब होत नाही. लाकडाचे तंतूही तसेच.

सागवान या बाबतीत सगळ्यात शहाण्या लाकडांपैकी एक. तरी त्याचाही हिशोब आहे. लाकडातली ओल एक टक्क्याने वाढली की साध्या चिराईच्या सागवानी फळीची रुंदी साधारण ०.१९ टक्का वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण महाराष्ट्रात उन्हाळा ते पावसाळा लाकडातल्या ओलीत सहा-एक टक्क्यांचा फरक सहज पडतो. साडेसहा इंच रुंद फळी घेतली तर १६५ × ६ × ०.००१९, म्हणजे जवळपास दोन मिलिमीटर. ही फळी चारही बाजूंनी गोंद लावून घट्ट बसवली असेल तर त्या दोन मिलिमीटरना जायला वाट नसते. ती कोपरा उघडते किंवा स्वतः कमान होते. लाकूड फुगताना जो जोर लावतं, त्यापुढे जोडातला गोंद टिकत नाही. दगडाच्या खाणीत फटीत लाकडी पाचर ठोकून त्यावर पाणी ओतायचे आणि दगड फोडायचे, तो हाच जोर.

जुन्या वाड्यांच्या दारांकडे कधी नीट बघितलंय? चौकट जाड, आणि आतली फळी चौकटीच्या खोबणीत नुसती सरकवलेली, गोंद नाही. ती आपापली फुगते-आकसते, दाराचं माप बदलत नाही. आपल्या पेटीचं झाकण म्हणजे त्याच दाराचं लहान रूप.

आधी दागिने मोजा, मग फळी

बहुतेक जण पेटीचं माप आधी ठरवतात आणि दागिने नंतर कोंबतात. उलट करा. घरातले दागिने चादरीवर मांडा. नथ, जोडवी, कानातली यांना लहान कप्पे. लांब हाराला गुंता न होता पसरता येईल अशी जागा. बांगड्यांचं माप तर दुकानदाराने आधीच देऊन ठेवलेलं असतं. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ हे आकडे म्हणजे बांगडीचा आतला व्यास. रुपयाचे सोळा आणे, तसे इंचाचे सोळा भाग. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. बांगडीची जाडी धरली तर आडव्या ठेवलेल्या बांगड्यांना तीन इंचांचा कप्पा पुरतो.

या हिशोबाने बाहेरून १० इंच लांब, ७ इंच रुंद आणि साडेचार इंच उंच पेटी एका घराच्या रोजच्या आणि सणाच्या दागिन्यांना पुरेशी होते. पहिल्या खेपेला यापेक्षा मोठी करू नका. रुंदी वाढली की लाकडाची हालचालही वाढते.

भिंतींची जाडी अर्धा इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सूत. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकडाच्या दुकानात गेल्यावर हा शब्द येत असेल तर बोलणं सोपं होतं.) चार बाजूंसाठी सव्वातीन फूट लांबीची एकच फळी घ्या. लाकूड घनफुटावर विकलं जातं आणि या पेटीला एका घनफुटाचा जेमतेम आठवा हिस्सा लागतो. म्हणून अख्खी फळी विकत घेण्याऐवजी उरलेले तुकडे विचारा. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट किंवा मुंबईत रे रोडचा भाग यासाठी धुंडाळण्यासारखा आहे. पाडलेल्या वाड्यांचं सागवान मिळालं तर उत्तमच, फक्त रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून आत मोडलेले खिळे आहेत का बघा. आणि एक गैरसमज काढून टाका. 'शंभर वर्षांचं लाकूड आहे, आता काय हलणार' हे खरं नाही. जुनं लाकूडही हवेतली ओल घेतंच.

फळी घरी आणल्या आणल्या कापू नका. जिथे पेटी बनणार त्या खोलीत, खाली दोन पट्ट्या ठेवून, चारही बाजूंनी हवा लागेल अशी दोन-तीन आठवडे पडू द्या. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा आहे.

आधी बंद खोका, मग करवत

आता गंमत. पेटी आणि झाकण वेगवेगळं बनवून एकमेकांवर बसवायला गेलात तर ते कधीच तंतोतंत जुळत नाही. म्हणून सहाही बाजूंनी बंद असलेला खोका आधी बनवायचा आणि मग करवतीने त्याचं डोकं उडवायचं. कापलेला वरचा भाग म्हणजे झाकण. एकाच खोक्याचे दोन भाग असल्यामुळे माप जुळवायची भानगडच उरत नाही, आणि लाकडाच्या रेषाही झाकणावरून पेटीवर सलग उतरतात.

क्रम असा ठेवा. फळी रंध्याने सपाट केली की तुकडे करण्याआधीच तिच्या आतल्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कडेजवळ, दोन सूत खोल खोबणी मारून घ्या. खोबणीचा रंधा किंवा राउटर नसेल तर हे काम ओळखीच्या सुताराकडून करून घ्या. त्याच्या मशीनवर पाच मिनिटांचं आहे, त्यात कमीपणा काही नाही. मग फळीचे ओळीने चार तुकडे करा: पुढची बाजू, डावी, मागची, उजवी. याच क्रमाने जोडले तर तीन कोपऱ्यांवर रेषा वळण घेऊन पुढे जातात. चौथ्या कोपऱ्यावर त्या जुळत नाहीत, तो मागे ठेवायचा.

कोपरे ४५ अंशांचे, फोटोफ्रेमसारखे. यात हाताची खरी परीक्षा असते, कारण चूक साठत जाते. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट दिसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरासमोरच्या बाजू अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. त्या दोन्ही पाठीला पाठ लावून एकत्र पकडा आणि बोटाने कडा चाचपा. डोळ्याला न दिसणारा फरक नखाला कळतो. थोडं लांब कापून रंध्याने उतरवत आणणं हाच खात्रीचा मार्ग. रंध्याचं पातं मात्र वारंवार घासावं लागेल, कारण सागवानात नैसर्गिक सिलिका असते आणि ती धार खाते.

तळाला प्लायवूड चालतं. त्यात एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, ते एकमेकांना हलू देत नाहीत, म्हणून ते खोबणीत गोंद लावून पक्कं बसवता येतं. वरची फळी मात्र सागवानाची, कडेने उतार देऊन खोबणीत बसेल एवढी पातळ. आणि इथे पंचांग बघायचं. उन्हाळ्यात बनवत असाल तर रुंदीच्या दोन्ही बाजूंना खोबणीत दीड-दीड मिलिमीटर मोकळी जागा सोडा, पावसाळ्यात ती भरेल. पावसाळ्यात बनवत असाल तर फळी जवळजवळ पूर्ण भरून बसवा, कारण आता ती फक्त आकसणार आहे. गोंद लावायचाच तर दोन्ही टोकांच्या बरोबर मध्यावर एकेक थेंब. त्याने फळी मधोमध राहते आणि दोन्हीकडे सारखी सरकते. तिच्या कडांना पॉलिशही आधीच मारून ठेवा, नाहीतर डिसेंबरात ती आकसली की कडेला पॉलिश न लागलेली फिकट रेघ दिसते.

गोंद लावण्याआधी तिरक्या कापांवरून स्पिरिट किंवा ॲसिटोनचा बोळा फिरवा. सागवान तेलकट असतं, ते तेल पृष्ठभागावर असताना फेविकॉल नीट धरत नाही. चारही बाजू जमिनीवर एका ओळीत, बाहेरची बाजू वर करून मांडा, सांध्यांवर मास्किंग टेप ताणून लावा, मग अख्खी पट्टी उलटी करून खोबणी आणि काप वर आणा. कापांना गोंद, तळ आणि वरची फळी खोबणीत, आणि पट्टी गुंडाळत आणून शेवटचा कोपरा टेपने बंद. महागडे क्लॅम्प लागत नाहीत. लगेच दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले म्हणजे खोका काटकोनात आहे. नसले तर लांब कर्णाच्या टोकांवर हलकं दाबा आणि रात्रभर तसाच राहू द्या.

असे कोपरे दिसायला सुंदर, पण ताकदीला कच्चे. तंतूंची उघडी टोकं गोंद पिऊन टाकतात. म्हणून खोका वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्यावर करवतीने दोन-तीन आडव्या खाचा पाडून त्यात लाकडाच्या पातळ चिपा गोंदाने बसवतात. सागवानात शिसवीच्या काळ्या चिपा फार देखण्या दिसतात. फक्त झाकण कुठे कापणार ती रेघ आधी आखा. चीप नेमकी त्या रेघेवर आली तर तिचे दोन तुकडे होतील.

मग खोका कापायचा. रेघ चारही बाजूंनी आखलेली, वरून साधारण एक-तृतीयांश उंचीवर. बारीक दात्यांची करवत घ्या, एका बाजूने आरपार न जाता चारही बाजूंनी थोडं थोडं कापत या. काप खडबडीत येणारच. सपाट फरशीवर पॉलिश पेपर चिकटवून दोन्ही भाग त्यावर घासले की ते एकमेकांवर हवा न जाईल असे बसतात. करवत आणि घासणं मिळून तीनेक मिलिमीटर उंची जाते, ती सुरुवातीलाच धरा. घासताना तोंडावर चांगला मास्क हवाच. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत उडालेला भुसा घरातल्या सगळ्यांच्या नाकात जातो.

बिजागऱ्या पितळेच्या. पितळी स्क्रू फार मऊ असतात, सागवानात पिळताना मान तुटते आणि तुकडा आतच राहतो. म्हणून बारीक भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यायची, मग पितळी स्क्रूला साबण लावून बसवायचा.

आतला ट्रे पाव इंच जाडीच्या पट्ट्यांचा. तो पेटीच्या आत चारही बाजूंनी किमान एक मिलिमीटर सैल हवा. उन्हाळ्यात हे अंतर ढिसाळ वाटतं. तसंच राहू द्या.

पेटीच्या आतली हवा

इथपर्यंतची माहिती थोड्याफार फरकाने सुतारकामाच्या व्हिडिओंमध्ये सापडते. पुढची फारशी कोणी सांगत नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं. बंद पेटीत लाकूड, गोंद, पॉलिश आणि कापड यांतून सूक्ष्म वाफा बाहेर पडत राहतात. हवा खेळती नसल्यामुळे त्या साठतात. २२ कॅरेट सोन्याला त्यांचं फारसं काही वाटत नाही. चांदी आणि मोत्यांचं तसं नाही.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी तिचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. आणि लोकरीत गंधक असतं. म्हणजे पेटीला आतून 'रॉयल' दिसावं म्हणून लोकरीचं फेल्ट लावलं तर पैंजण आणि जोडव्यांच्या शेजारी आपणच गंधक आणून ठेवलं. रबराचंही तेच, त्यामुळे ट्रेखाली रबराचे गोल चिकटवू नका. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लाशी त्याचं वैर. काही लाकडांतून आणि गोंदांतून ॲसिटिक आम्लाच्या वाफा येतात. परदेशी व्हिडिओंत सर्रास दिसणारं ओक यासाठी बदनाम आहे, संग्रहालयं ते दागिन्यांच्या कपाटांसाठी टाळतात. स्वस्त प्लायवूड आणि एमडीएफमधून फॉर्माल्डिहाइड येतो, म्हणून तळाच्या प्लायवूडला आतून लाखेचे दोन-तीन हात हवेतच. चिंचपेटी किंवा बसरा मोत्यांची नथ ठेवायची असेल तर हा भाग सोडून चालणार नाही.

आतून तेलाचं पॉलिश कधीच करू नका. जवसाचं तेल बंद जागेत महिनोन्महिने वास धरतं. बाहेरून हवं तर लावा, पण ते पुसलेली फडकी चुरगळून टाकायची नाहीत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

आतून लावायची ती लाख. लाखेचे पापुद्रे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये २० ग्रॅम टाकून रात्रभर ठेवायचे, गाळायचे आणि सुती बोळ्याने पातळ हात द्यायचे. लागेल तेवढीच लाख विरघळवा, जुनं झालेलं मिश्रण चिकट राहतं. पावसाच्या दिवशी हे काम नको. दमट हवेत लाखेवर पांढुरकी छटा येते. गॅसच्या शेगडीजवळ तर नकोच, स्पिरिट लगेच पेटतं. आणि आत-बाहेर दोन्हीकडे सारखेच हात द्या. एका बाजूला पॉलिश आणि दुसरी कोरी असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि झाकणाची फळी वाकते.

अस्तर सुती. न रंगवलेलं मांजरपाट सगळ्यात निर्धोक, मखमलच हवी असेल तर सुती मखमल. ते लाकडाला गोंदाने चिकटवण्यापेक्षा जाड कागदाच्या तुकड्यावर ताणून, कडा मागे दुमडून कप्प्यात दाबून बसवा. गोंदाच्या वाफा टळतात, आणि पाच वर्षांनी अस्तर मळलं तर काढून धुता येतं.

आपल्याकडच्या जुन्या फणेरपेट्या याच विचाराने बनलेल्या दिसतात. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा यांचे कप्पे, पितळी कोपरे आणि बहुतेकदा आत नुसतं लाकूड. केरळची नेट्टूर पेट्टी ही दागिन्यांचीच पेटी. उतरत्या छपरासारखं झाकण आणि पितळी पट्ट्या, आणि केरळचा पाऊस आपल्यापेक्षा जास्त. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर जुन्या लाकडी वस्तूंचे कोपरे आणि बिजागऱ्या जरा वाकून बघा.

दागिने ठेवण्याआधी एक महिना

पेटी पूर्ण झाल्यावर ती झाकण उघडं ठेवून तीन-चार आठवडे हवेशीर जागी ठेवा. नाक आत घालून वास घ्या. पॉलिशचा किंवा गोंदाचा वास येतोय तोवर वाफा निघत आहेत.

अस्तराच्या कापडाबद्दल शंका असेल तर त्याची चाचणी घरी घेता येते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये एक पद्धत काढली, जी जगभरची संग्रहालयं आजही वापरतात. जे साहित्य मौल्यवान वस्तूंजवळ ठेवायचं आहे त्याचा तुकडा, चांदी, तांबं आणि शिसं यांच्या चकचकीत पट्ट्या आणि थोडं पाणी एका बंद काचेच्या भांड्यात ठेवायचं, ते २८ दिवस ६० अंश सेल्सिअसला राखायचं आणि धातूंवर डाग पडतात का बघायचं. घरी ६० अंश राखणं शक्य नाही, पण तत्त्व वापरता येतं. झाकणाच्या दोन स्वच्छ काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत नव्याने उजळलेला चांदीचा एकेक दागिना आणि बाटलीच्या बुचात थोडं पाणी ठेवा. एकीत अस्तराच्या कापडाचा तुकडा टाका, दुसरीत काही नको. कापड आणि पाणी दोन्ही चांदीला टेकू देऊ नका. दोन्ही बरण्या घट्ट लावून उबदार जागी ठेवा. महिन्याने दोन्ही दागिने पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी मांडा. कापडाच्या बरणीतला जास्त काळवंडलेला दिसला तर ते कापड दुसऱ्या कामाला वापरा आणि मांजरपाट आणा.